सेप्टिक टाकीची पाहणी आणि पाहणीचा अहवाल

(एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्यासमोर खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. घरी पाहुणा आला असता परसातील ज्या कोपऱ्याकडे त्याची दृष्टी जाऊ नये अशी आपली इच्छा असते, त्याच कोपऱ्याविषयी मला बोलावयाचे आहे. परंतु त्या पाहुण्याच्या हाती आपण प्रथम पाण्याचा तांब्या देतो, आणि ते पाणी ज्या विहिरीतून काढलेले असते ती विहीर त्या कोपऱ्यापासून पुष्कळदा पंधरा-वीस पावलांवरच असते. तेव्हा संकोच बाजूस ठेवलेला बरा.

मी अभियंता नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आहे. नळ्यांच्या जोडांपेक्षा वाक्यांचे जोड मला अधिक कळतात. परंतु अभियंत्यांची टिपणे सर्वांना समजतील अशा भाषेत उतरविणे हेच माझे काम असल्याने, त्यांतले जे मला समजले तेवढे आपणांपुढे मांडतो. याचा एक लाभ असा की, कठीण असे काही मी सांगणार नाही. ते मला सांगता येणारच नाही.

गोव्यात गावोगाव हिंडताना एक वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. यजमान मोठ्या अभिमानाने सांगतात, ‘‘आमची टाकी पंचवीस वर्षांत एकदासुद्धा उपसावी लागली नाही. कधी भरलीच नाही!’’ घर विकावयाचे असेल तर हेच वाक्य गिऱ्हाइकाला सांगितले जाते आणि गिऱ्हाईकही समाधानाने मान डोलावते. वस्तुतः सेप्टिक टाकीच्या बाबतीत यासारखे काळजी करण्याजोगे दुसरे वाक्य नाही. ते का, हे कळण्यासाठी टाकीचे काम थोडक्यात पाहू.

सेप्टिक टाकी म्हणजे मैला साठविण्याची कोठी नव्हे. ती पाणी न झिरपणारी, चारी बाजूंनी आणि तळाशीही पक्की असलेली पेटी होय. घरातून आलेले सांडपाणी तिच्यात संथ उभे राहते. जड भाग तळाशी बसतो, त्याला आपण गाळ म्हणू. तेलकट, हलका भाग वर तरंगतो, त्याची साय धरते. मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या बाजूच्या नळीने बाहेर पडून शोषखड्ड्यात, म्हणजे आपण ज्याला सोक पिट म्हणतो त्यात, जाते व तेथून जमिनीत मुरते. हवेवाचून जगणारे जिवाणू गाळ कुजवितात, त्यामुळे त्याचे आकारमान कमी होते; परंतु तो सर्वस्वी नाहीसा कधीच होत नाही. फ्रान्समधील वेझूल येथील लुई मूरास याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी टाकी केली आणि १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंग्लंडमधील एक्झेटर शहराचा सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरून याने १८९५ मध्ये तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. सेप्टिक म्हणजे कुजविणारी. मूळ कल्पनेत तेव्हापासून फारसा बदल झालेला नाही.

आता लक्षात येईल की, टाकी नवी बांधून घर वापरात आले की, काही दिवसांतच ती बाहेर जाणाऱ्या नळीच्या पातळीपर्यंत भरते आणि पुढे जन्मभर तितकीच भरलेली राहते. जेवढे पाणी आत येईल तेवढेच बाहेर पडेल. म्हणजे चांगली टाकी नेहमी भरलेलीच असते, आणि तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतोच. भारतीय मानक संस्थेच्या सेप्टिक टाकीविषयीच्या संहितेत, म्हणजे आय. एस. २४७० मध्ये, घरगुती टाकी साधारणतः दोन वर्षांतून एकदा तरी साफ करावी, असेच अपेक्षिलेले आहे. मग पंचवीस वर्षे न भरणाऱ्या टाकीतील पाणी आणि गाळ गेला कोठे? याचे उत्तर बहुधा एकच असते. त्या टाकीला तळ नाही, किंवा असला तरी तडकलेला आहे. चिऱ्यांच्या चार भिंती, वर लादी आणि खाली उघडी जमीन असा जो खड्डा पुष्कळ जागी बांधला जातो, त्याला सेप्टिक टाकी म्हणणे हे केवळ सौजन्य होय. क्वचित असेही घडते की, तळ पक्का असतो, परंतु गाळ नळीच्या तोंडापर्यंत चढून पाण्याबरोबर शोषखड्ड्यात वाहत राहतो. तेव्हाही टाकी ‘भरत’ नाही. खड्डा मात्र आतून बुजत जातो.

आपल्या भूमीचा स्वभाव येथे ध्यानात घ्यावा लागतो. गोव्याच्या पुष्कळ भागांत जांभा दगड आहे. चिरा हातात घेऊन पाहिला तर त्यात किती छिद्रे आणि पोकळ्या असतात, हे चिरेखाणीवर काम करणाऱ्यांना सांगावयास नको. मातीच्या जाड थरातून पाणी हळूहळू गाळले जाते, तसे या भेगांतून होत नाही. तेथे ते गाळल्याविना पुढे सरकते. पाणी भरभर मुरते म्हणून आपण शोषखड्ड्याचे कौतुक करतो, परंतु जे पाणी सहज मुरते ते सहज विहिरीपर्यंतही पोचते. भेगाळ खडकात सांडपाणी मुरविणे योग्य नाही, कारण ते तेथून दूरवर जाऊ शकते, असा इशारा मानकांतही दिलेला आहे. त्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. मे महिन्यात पंधरा-वीस हात खाली गेलेले विहिरीचे पाणी जुलैमध्ये काठाशी येते. खाजनाच्या लगतच्या सखल वाड्यांत तर पाणी आणि शोषखड्ड्याचा तळ यांत त्या दिवसांत अंतरच उरत नाही.

पणजी, मडगाव, वास्को या शहरांच्या भागांत सांडपाण्याच्या वाहिन्या आहेत. गावांतील बहुसंख्य घरांना मात्र आपापल्या टाकीवरच विसंबावे लागते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानानंतर शौचालये पुष्कळ झाली आणि ते फार मोठे काम झाले. परंतु शौचालय उभे राहिले म्हणजे दार, भांडे आणि छप्पर दिसते, त्याचे छायाचित्रही निघते. जमिनीखाली काय बांधले गेले, ते झाकण बसल्यानंतर कोणीच पाहत नाही. त्यासाठीच पाहणी हवी.

या कामी अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे पाचांतील एकाहून अधिक घरे सेप्टिक टाकीवर चालतात. घर विकत घेण्यापूर्वी ते तपासून लेखी अहवाल देणारा गृहनिरीक्षकांचा एक स्वतंत्र व्यवसाय त्या देशात आहे. त्यांची एक मोठी संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. गंमत अशी की, छप्पर, भिंती, विजेच्या तारा, नळ, सर्व काही तपासणाऱ्या या निरीक्षकांच्या नेहमीच्या कामात सेप्टिक टाकीचा समावेश होत नाही. त्यांच्या नियमावलीतच ती वगळलेली आहे. जो निरीक्षक ती तपासू इच्छितो, त्याने ते वेगळे काम म्हणून, वेगळे शिकून आणि वेगळे शुल्क सांगून करावयाचे असते. घेणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर ‘घर तपासून घेतले’ या समाधानात तो व्यवहार करतो, आणि जमिनीखालची वस्तू तपासावयाची राहूनच जाते.

मॅसॅच्युसेट्स या राज्याने हा प्रश्न घेणाऱ्याच्या सावधपणावर सोडला नाही. ‘टायटल फाइव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील नियमांत १९९५ पासून अशी व्यवस्था आहे की, घराची विक्री व्हावयाची असेल तर त्यापूर्वीच्या दोन वर्षांत टाकीची पाहणी झालेली असली पाहिजे. पाहणी करणारा शासनमान्य असावा लागतो. ठरावीक नमुन्यातला अहवाल त्याने तीस दिवसांच्या आत स्थानिक आरोग्य मंडळाकडे पोचवावयाचा असतो. अहवालाचा निष्कर्ष चारांपैकी एक असतो: उत्तीर्ण, सशर्त उत्तीर्ण, अधिक तपासणीची आवश्यकता, किंवा अनुत्तीर्ण. अनुत्तीर्ण ठरल्यास सामान्यतः दोन वर्षांत दुरुस्ती करणे भाग पडते. वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा उपसा करावा लागत असेल तर ती टाकी अनुत्तीर्ण. तळ नसलेला मलकूप खाजगी विहिरीपासून ५० फुटांच्या आत असेल तर तोही अनुत्तीर्ण; ५० ते १०० फुटांच्या दरम्यान असेल, तर विहिरीच्या पाण्याची तपासणी निर्दोष आल्याखेरीज तो उत्तीर्ण होत नाही. ‘कधी भरलीच नाही’ या वाक्याला तिकडे गुण मिळत नाहीत, हे यावरून दिसून येईल.

तिकडचा कायदा जसाच्या तसा उचलून येथे आणावा, असे माझे म्हणणे नाही. तेथील जमीन वेगळी, हवा वेगळी, व्यवहाराच्या चालीरीती वेगळ्या. परंतु पाहणीची पद्धत आणि अहवाल लिहिण्याची शिस्त या दोन गोष्टी कोणालाही घेता येतील. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

पाहणीचा आरंभ टाकीपाशी होत नाही, घरातील माणसांना विचारण्याने होतो. टाकी केव्हा बांधली, कोणी बांधली, नकाशा आहे काय, उपसा शेवटचा कधी केला, आणि घरात माणसे किती? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मानकाप्रमाणे पाच माणसांच्या कुटुंबाला, दोन वर्षांनी साफ करावयाची असल्यास, दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.०५ मीटर असलेली टाकी पुरते. वीस माणसांना तीच २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल लागते, म्हणजे जवळजवळ चौपट. आज गावातील जुनी घरे विकत घेऊन किंवा भाड्याने घेऊन तेथे पर्यटकांच्या खोल्या केल्या जातात. न्हाणीघरे पाच होतात, टाकी मात्र आजोबांच्या वेळची तीच राहते. तेव्हा ‘आता किती माणसे आहेत’ याबरोबरच ‘पुढे किती राहणार आहेत’ हेही विचारून लिहून ठेवावे.

त्याच्या उलट प्रकार बंद घरांचा. मालक मुंबईस किंवा परदेशी, घर वर्षानुवर्षे कुलूपबंद. अशा घराची टाकी उघडली तर स्वच्छ दिसेल, शोषखड्डाही कोरडा दिसेल. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. उपाशी माणसाची पचनशक्ती त्या दिवशी कळत नाही, तसेच हे आहे. रंग सोडून पाहण्याची एक पद्धत आहे. संडासाच्या भांड्यात गडद रंग टाकून भरपूर पाणी ओततात आणि तो रंग अंगणात, ओहोळात वा विहिरीत उमटतो काय ते बघतात. रंग उमटला तर दोष निश्चित. न उमटला तर मात्र टाकी चांगली आहे असे म्हणता येत नाही. रिकामी टाकी तो रंग सहज पोटात घालते. केवळ रंग टाकून ‘उत्तम’ असा शेरा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

यानंतर झाकण उघडावयाचे. येथे एक चूक सर्वत्र होते. पाहणी आहे म्हणून मालक आदल्या दिवशीच टँकर बोलावून टाकी उपसून घेतो. निरीक्षक येतो तेव्हा टाकी रिकामी, धुतलेली. हेतू चांगला असेल, पण सर्व पुरावा टँकरमधून गेलेला असतो. कारण पाहणीत अत्यंत बोलकी असते ती पाण्याची पातळी. पातळी बाहेर जाणाऱ्या नळीच्या तळाशी बरोबर असेल तर ठीक. ती खाली असेल, आणि घर वापरात असेल, तर टाकी गळते आहे. ती वर असेल, तर पुढे शोषखड्डा पाणी घेईनासा झाला आहे. भिंतीवर वरच्या बाजूस जुना काळपट पट्टा दिसला, तर पूर्वी कधीतरी पाणी तेथवर चढले होते हेही कळते. हे सारे उपशापूर्वी पाहावयाचे, आणि मगच टँकर लावावयाचा. टँकर चालू असता नळीकडे नजर ठेवावी. शोषखड्ड्याच्या बाजूने पाणी उलटे टाकीत वाहू लागले, तर खड्डा तुडुंब भरलेला आहे, असे समजावे.

गाळ मोजण्यास भारी उपकरण लागत नाही. लांब काठीच्या टोकाला पांढरे, जाडसर फडके घट्ट गुंडाळून ती सावकाश तळापर्यंत सोडावी, थोडा वेळ थांबून सरळ वर काढावी. फडक्यावर काळा भाग किती आला, तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचले असतील, तर उपशाची वेळ टळून जाऊ देऊ नये. रिकाम्या टाकीचा तळ आणि भिंतींचे सांधे विजेरीच्या प्रकाशात वरूनच पाहावेत. दोन्ही नळ्यांना खाली वळलेला तुकडा आहे काय, हेही पाहावे. तो नसेल तर साय थेट पुढे जाते. वायुनळी विसरू नये. तिला डासांची जाळी हवी, आणि घर पंधरा मीटरच्या आत असेल तर ती छपराच्या वर दोन मीटर गेलेली हवी. आपल्याकडे ती माणसाच्या डोक्याइतकीच उंच ठेवून वर नारळाची करवंटी घातलेली मी पाहिली आहे.

‘वरूनच पाहावेत’ असे मी म्हटले, ते मुद्दाम म्हटले. टाकीत उतरून कोणीही पाहणी करावयाची नाही, रिकाम्या टाकीतसुद्धा नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कर्बवायू असतात, आणि प्राणवायू अपुरा असतो. कुजक्या अंड्यांसारखा वास आला म्हणजे वायू आहे, हे खरे. पण वास थांबला म्हणजे वायू गेला, असे मुळीच नाही. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की, नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते, आणि माणूस ‘आता बरे आहे’ असे म्हणत खाली उतरतो. तो कोसळला की, त्याला काढावयास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. वर्तमानपत्रांत एकाच टाकीत दोन-तीन मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात, त्या याच कारणाने. मिथेन पेट घेतो, तेव्हा झाकणाजवळ काडी ओढू नये, विडीही नको.

कायदाही येथे स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाच्या सातव्या कलमाने सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणासही कामावर लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात ती तीस लाख केली. ही रक्कम मोठी वाटते, परंतु घरातला कर्ता पुरुष गेलेल्या कुटुंबाला विचारावे. आणि टाकीत उतरावयास सांगितले जाते ते कोणाला, हे आपण सर्वजण जाणतो. घरमालक स्वतः उतरत नाही. ज्या समाजांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या हे काम मारले गेले, त्यांच्याच मुलांना शे-पाचशे रुपये वाढवून बोलावले जाते. टँकरची नळी पोचत नाही, झाकणच नाही, लादी फोडावी लागते, अशा कारणांनी ही वेळ आणली जाते. म्हणून पाहणीच्या अहवालात ‘माणूस न उतरविता ही टाकी साफ करता येते काय?’ हा प्रश्न असलाच पाहिजे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर बाकी सर्व ठीक असूनही ती टाकी मी सदोष मानीन.

यापुढे टेप घेऊन अंतरे मोजावयाची. सांडपाणी मुरण्याची जागा विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावी, असे मानक आहे. आपली विहीर तेवढी दूर असली तरी शेजाऱ्याची विहीर कोठे आहे, हेही मोजावे. कुंपण माणसांसाठी असते. पाण्याला ते माहीत नसते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत यावरून वाद निघेल, असे कोणी म्हणेल. निघेल. परंतु अंदाजाने भांडण्यापेक्षा टेपने मोजलेल्या आकड्यावर बोलणे सोपे जाते, असा पंचायतींचा अनुभव आहे.

अहवालाविषयी आता थोडे. तो तोंडी असता कामा नये. ‘सगळे ठीक आहे’ हे वाक्य त्यात असू नये. पाहणीची तारीख सर्वांत आधी लिहावी, कारण मे महिन्यात कोरडा दिसणारा शोषखड्डा जुलैत वर येतो. तारीख नसलेला अहवाल आमच्याकडे निरुपयोगी समजावा. नंतर जे डोळ्यांनी पाहिले ते लिहावे, जे कोणी सांगितले ते ‘मालकांच्या सांगण्यानुसार’ असे म्हणून वेगळे लिहावे. आणि जे पाहता आले नाही ते अवश्य लिहावे. झाकण लादीखाली होते म्हणून उघडले नाही, शोषखड्ड्यावर आता मोटार उभी करण्याची फरशी आहे, घर आठ महिने बंद होते, अशी वाक्ये अहवालाची किंमत कमी करीत नाहीत, उलट वाढवितात. मॅसॅच्युसेट्सच्या छापील नमुन्यातही निरीक्षक असेच म्हणतो की, हे वर्णन त्या दिवसाचे आणि त्या वेळच्या वापराचे आहे. पुढे टाकी कशी चालेल याची हमी यात नाही. निरीक्षक हा ज्योतिषी नव्हे. पुढील दहा वर्षांची खात्री देणारा अहवाल कोणी देऊ लागला, तर शुल्क देण्यापूर्वी विचार करावा.

पाहणी कोणी करावी, हा प्रश्न अवघड आहे. आपल्याकडे गृहनिरीक्षक हा व्यवसाय रुजलेला नाही. गवंडी, नळकाम करणारा, टँकरवाला, स्थापत्य अभियंता यांच्यापैकी कोणीतरी बोलाविला जातो. माझे मत असे की, ज्याने टाकी बांधली त्याने, किंवा नवी टाकी बांधण्याचे काम ज्याला मिळण्याचा संभव आहे त्याने, निष्कर्ष देऊ नये. पहिला आपले काम चांगलेच म्हणेल, दुसऱ्याला प्रत्येक टाकी मोडकीच दिसेल. विकणाऱ्याने आणलेल्या माणसाचा अहवाल घेणाऱ्याने वाचावा, पण झाकण उघडताना स्वतः हजर राहावे. त्या वासाचा कंटाळा केला तर पुढे तोच वास स्वतःच्या घरात सोसावा लागेल. टँकरवाल्याचा अनुभव मोठा असतो, त्याला बोलते करावे. मात्र उपसलेला गाळ तो कोठे नेऊन टाकतो, हेही त्याला विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. शेतात, ओहोळात किंवा रानात गाळ ओतला जात असेल, तर एका घरची घाण दुसऱ्या वाड्याच्या पाण्यात गेली, एवढेच घडले.

शेवटी विहिरीच्या पाण्याकडे येतो. हा भाग शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारा ई. कोलाय हा जिवाणू एकही आढळता कामा नये. त्याची निश्चित तपासणी प्रयोगशाळेत होते. परंतु प्राथमिक चाचणीची एक सोपी बाटली मिळते आणि तिचा उगम ग्वाल्हेरचा आहे. तेथील संरक्षण संशोधन संस्थेतील के. एस. मांजा आणि त्यांचे सहकारी यांनी ही चाचणी बसविली, आणि १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. रसायन लावलेला कागद असलेल्या लहान बाटलीत खुणेपर्यंत विहिरीचे पाणी भरावयाचे, झाकण लावून उबदार जागी ठेवावयाचे. आपल्याकडे त्यासाठी वेगळी ऊब द्यावी लागत नाही. पाणी दूषित असेल तर विष्ठेबरोबर आढळणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि एक-दोन दिवसांत बाटलीतले पाणी काळे पडते. मुलांना हे पाहून जितके कळते तितके माझ्यासारख्याच्या भाषणाने कळणार नाही. बाटली काळी पडली तर पाणी उकळून घ्यावे आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. क्वचित अन्य कारणानेही ती काळी पडते, म्हणून तेवढ्यावरूनच शेजाऱ्यावर आरोप करू नये. तसेच सांडपाण्यातून येणारे नायट्रेट या बाटलीत दिसत नाही. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या मुलांना त्यापासून धोका असतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, तेव्हा घरात तान्हे मूल असेल तर प्रयोगशाळेत तेही तपासून घ्यावे.

एकदाच बाटली भरून थांबू नये. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि जुलैत, विहीर वर आल्यावर, एकदा अशा दोन बाटल्या प्रत्येक विहिरीच्या भराव्यात. बाटलीवर तारीख आणि वाड्याचे नाव लिहावे, टाकीपासूनचे अंतर मीटरमध्ये लिहावे, आणि दोन्ही निकाल शाळेच्या वहीत शेजारी-शेजारी नोंदवावेत. पंचायतीने ती वही वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे ठेवावी.

 प्रश्न असतील ते आता विचारावेत. तांत्रिक प्रश्नांना उत्तरे देण्यास आमच्याबरोबर आलेले अभियंते बसले आहेत.